पोत्याची वाट

मंडळी, आपल्या धाराशिव जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास कोणत्याही रस्त्याने जा, सोयाबीनच्या राशी दिसतात. मळणी यंत्राचा आवाज, धुरळा, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरलेली पोती. पोतं घरातून निघतं ते पैसा घेऊन परत यावं म्हणून. पण घरातून निघालेलं पोतं आणि घरात आलेला पैसा, यांच्यामध्ये जी वाट आहे, ती आपण कधी नीट पाहिली आहे का? आज त्या वाटेविषयीच थोडं बोलायचं आहे.

अलीकडे गावोगावी शेतकऱ्यांच्या कंपन्या निघाल्या आहेत. कंपनी म्हटली की पूर्वी आपल्या डोळ्यांपुढं मुंबई-पुण्याच्या गिरण्या आणि कारखाने यायचे. आता तसं राहिलेलं नाही. डॉ. वाय. के. अलघ यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि 'उत्पादक कंपनी' हा नवा प्रकार आला. दहा शेतकरी एकत्र आले तरी अशी कंपनी काढता येते. भाग कितीही असोत, माणशी मत एकच. संचालक कमीत कमी पाच, जास्तीत जास्त पंधरा. पूर्ण वेळ काम करणारा एक मुख्य अधिकारी नेमावाच लागतो, आणि तो सभासदांपैकी नसावा, असंही कायदा सांगतो. पुढे २०२० साली केंद्र सरकारने देशात अशा दहा हजार संस्था उभ्या करण्याची योजना जाहीर केली. आपल्या आठही तालुक्यांत आज कंपनी हा शब्द कुणाला नवा नाही.

परंतु कंपनी काढणं वेगळं आणि कंपनी चालणं वेगळं. काढायला कागद लागतात. चालायला काय लागतं?

एक उदाहरण मनाशी धरू या. समजा, कळंब तालुक्यातल्या एका गावात अशी कंपनी आहे. गोदाम आहे, काटा आहे, ओलावा मोजायचं यंत्र आहे, चाळणीही आहे. माणसं प्रामाणिक आहेत. एक सभासद सोमवारी सकाळी वीस पोती घेऊन येतो. काट्यावरचा माणूस म्हणतो, "काका, माल उतरवून ठेवा, बारदाना संपलाय, उद्या येईल." ओलावा मोजायचं यंत्र कपाटात, आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो लग्नाला गेलेला. मंगळवारी वजन होतं, पावती मिळते. पावतीपुस्तक तालुक्याच्या कचेरीत जातं ते शनिवारी. सोमवारी हिशेबनीस पट्टी तयार करतो. पट्टीवर दोन संचालकांच्या सह्या लागतात आणि संचालक येतात गुरुवारी. शुक्रवारी पैसे बँकेत जमा होतात.

आता तुम्ही मला सांगा, यात कामचुकार कोण? काट्यावरचा माणूस राबतोच आहे. हिशेबनीस रात्री जागून पट्ट्या करतो आहे. संचालक पदरचं पेट्रोल घालून येतात. प्रत्येक जण आपलं काम चोख करतो, आणि तरीसुद्धा सभासदाचे पैसे अकरा दिवसांनी मिळतात. पुढच्या वर्षी तो काय करील? तो सरळ आडत्याकडे जाईल. आडत्या तोलाई-हमाली कापील, पण पैसे हातावर ठेवील. दहा-वीस सभासद असे गेले की कंपनीच्या दारावर नुसती पाटी उरते.

लग्नघरात हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आचारी चांगला, वाढपी तरणेबांड, पत्रावळी ढीगभर. पण पंगत बसल्यावर कळतं की मीठ कुठं ठेवलंय हे कुणालाच ठाऊक नाही! माणसं कमी नसतात. एकाच्या हातातलं काम दुसऱ्याच्या हातात जातं, तिथं घोटाळा होतो.

शहरातल्या मोठ्या कंपन्यांत याच गोष्टीचं एक शास्त्र झालं आहे. त्याला 'बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट' असं भारदस्त नाव आहे. आपण त्याला कामाच्या वाटेची देखभाल म्हणू. त्याचा अर्थ एवढाच, की कंपनी म्हणजे काटा, गोदाम, कचेरी, बँक असे वेगवेगळे कोपरे नव्हेत. या सगळ्यांतून जाणारी एक वाट म्हणजे कंपनी. कोपरे झाडून-पुसून लख्ख ठेवले आणि वाट मोडली, तर सभासदाच्या दृष्टीने कंपनी मोडलीच. आपल्या भाषेत गंमत पाहा. वाट चालतात, वाट पाहतात, आणि वाट लागतेही! काम जेव्हा वाट चालायची सोडून वाट पाहत बसतं, तेव्हाच त्याची वाट लागते.

हे शास्त्र परकं वाटू देऊ नका. आपल्या जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक भाषेतल्या प्रवासग्रंथात तगरचा उल्लेख आहे. इथला माल, विशेषतः कापड, गाड्यांत भरून भडोचच्या बंदरावर जाई. अवघड मुलखातून, कितीतरी दिवसांची वाट. माल कुणी बांधायचा, गाडी कुठं थांबायची, पुढं कुणाच्या ताब्यात द्यायचा, हे ठरलेलं असल्याशिवाय असा व्यापार चालेल कसा?

जवळचं उदाहरण हवं असेल तर साखर कारखान्याचं घ्या. ढोकी, मुरूम, केशेगाव, रांजणी ही नावं आपल्याला कारखान्यांमुळेच परिचयाची आहेत. ऊस गव्हाणीत पडायच्या कितीतरी आधी त्याची वाट सुरू होते. लावणीची नोंद होते, नोंदीच्या तारखेवरून तोडणीची पाळी ठरते, तोडीची चिठ्ठी येते, टोळी येते, मग वजनकाटा, मग गव्हाण. इतकी शिस्त का? कारण तोडलेला ऊस थांबायला तयार नसतो. उन्हात पडला की वजन घटतं आणि साखरही उतरते. पैशाच्या बाबतीत तर कायद्यानेच मुदत घातली आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत रक्कम द्यावी लागते, आणि उशीर झाल्यास दर साल दर शेकडा पंधरा व्याज. ही पाळी आणि ही मुदत जिथं पाळली जात नाही, तिथं काय होतं, हे ऊसवाल्यांना वेगळं सांगायला नको.

मुंबईचे डबेवाले घ्या. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं हे काम. एक डबा चार-पाच हातांतून जातो. सायकलवरून, हातगाडीवरून, लोकलमधून. डबा उचलणाऱ्याला पोचवणारा दिसतही नाही. पण डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेली एक खूण असते, आणि त्या खुणेत डबा कुठल्या स्टेशनावर उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर द्यायचा, हे सगळं असतं. मोठं शिक्षण नसलेल्या माणसांनी ही पद्धत बसवली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवली. तेव्हा आपल्याला हे जमणार नाही असं म्हणायला जागा नाही.

आता मुद्द्यावर येऊ. आपल्या कंपनीत ही पद्धत आणायची कशी?

पहिली गोष्ट, सगळ्या वाटा एकदम दुरुस्त करायला जाऊ नका. बियाणेविक्री, खतविक्री, खरेदी, डाळमिल, सभा, सगळं एका महिन्यात सुधारायचं म्हटलं की काहीच सुधारत नाही. एकच वाट निवडा. कोणती? जिथं सभासदाचा जीव अडकला आहे ती. आपल्या उदाहरणात ती म्हणजे 'माल दारात आला' इथपासून 'पैसे खात्यावर पडले' इथपर्यंत.

दुसरी गोष्ट, त्या वाटेवरून स्वतः चालून पाहा. खुर्चीवर बसून नव्हे. अध्यक्षांनी किंवा मुख्य अधिकाऱ्याने एक पोतं धरावं आणि ते जिथं जाईल तिथं त्याच्याबरोबर जावं. हमालाला विचारावं, मापाड्याला विचारावं. काय व्हायला पाहिजे ते लिहू नका, काय होतं ते लिहा. इथं गुरुजींचा आणि बाईंचा फार उपयोग होतो. शाळेतला एक फळा गोदामात आणून त्यावर चौकटी काढा आणि बाण काढा. नोंद, नमुना, चाळणी, वजन, पावती, पट्टी, सह्या, बँक. सगळ्यांनी मिळून पाहिलं की माणसं आपणहून म्हणतात, "अहो, हे आपण उगाच दोनदा लिहितो की!"

तिसरी गोष्ट, वेळ मोजा. आपल्या उदाहरणातल्या पोत्यांचा हिशेब असा. नोंद ५ मिनिटे, नमुना आणि ओलावा १०, चाळणी ३०, वजन १५, पोती शिवून थप्पी लावणं ३०, पावती ५, पट्टी १५, सह्या २, बँकेचं काम १०. बेरीज झाली १२२ मिनिटे. म्हणजे काम दोन तासांचं, आणि लागले अकरा दिवस! बाकीचा वेळ पोतं, पावती आणि पट्टी नुसत्या वाट पाहत होत्या. हे कळलं की माणसांना 'भराभर करा' म्हणून ओरडण्यात अर्थ नाही, हेही कळतं. हमालाने दुप्पट वेगाने पोती उचलली तरी अकरा दिवसांतली फार तर पंधरा मिनिटं वाचतील.

चौथी गोष्ट, अडकण्याच्या जागा एकेक करून मोकळ्या करा. बारदाना संपल्यावर मागवण्याऐवजी शंभर पोती उरली की मागवायचा, असा नियम करा आणि शंभराव्या पोत्याला लाल सुतळी बांधून ठेवा. लाल सुतळी हाताला लागली की मागणी गेलीच पाहिजे. किल्ली दोघांकडे ठेवा. पावतीपुस्तक शनिवारपर्यंत कशाला थांबवता? रोज संध्याकाळी पावत्यांचे फोटो भ्रमणध्वनीवरून कचेरीत पाठवा. सह्यांचं म्हणाल, तर संचालक मंडळाने ठराव करून एक मर्यादा घालून द्यावी. त्या मर्यादेपर्यंतची पट्टी मुख्य अधिकारी आणि हिशेबनीस यांच्या सहीने जाईल, आणि संचालक दर गुरुवारी झालेल्या पट्ट्या तपासतील. मात्र एक सांभाळा. वाट मोकळी करायची म्हणून कुंपण पाडू नका. वजन करणारा आणि पैसे देणारा एकच माणूस असू नये. ही तपासणी वेळ घेते, पण ती सभासदाच्या पैशाची राखण आहे.

पाचवी गोष्ट, तपासणी कुठं करायची ते ठरवा. तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपल्याला ठाऊक आहेच. संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर थाप मारून पाहिली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं. त्या कथेतला परमार्थ थोर आहेच, पण कुंभाराचं शहाणपणही त्यात आहे. मडकं थापटून पाहायचं ते गिऱ्हाईक पाणी भरून घरी नेण्याच्या आधी. सोयाबीनचा ओलावाही असाच आधी पाहावा. समजा, दहा क्विंटल मालात १४ टक्के ओलावा आहे. म्हणजे हजार किलोंत १४० किलो पाणी आणि ८६० किलो कोरडा माल. तो वाळून १० टक्क्यांवर आला की वजन भरतं साधारण ९५६ किलो. ४४ किलो गेले कुठं? चोरीला नाही गेले, वाऱ्यावर गेले. पण खरेदीच्या वेळी ओलावा सभासदासमोर मोजला नसेल, तर हे ४४ किलो कंपनीच्या अंगावर पडतात. आणि लातूरच्या बाजारात किंवा तेलगिरणीत गेल्यावर तिथं माल ओला ठरला, तर वाद होतो, कपात होते, आणि शेवटी सभासद म्हणतो, "कंपनीनं फसवलं." तेव्हा ओलावा मोजायचं यंत्र माल निघायच्या आधी गावात न्या, खळ्यावरच मोजा. माल ओला असेल तर शेतकरी दोन दिवस ऊन देईल. गोदामात आल्यावर कळून काय उपयोग? नमुनाही एकाच पोत्यातून नको, वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून आणि तळातून, सभासदाच्या डोळ्यांदेखत घ्यावा. आणि माल बियाण्याचा असेल तर पोतं उंचावरून आपटू नये, आकडीही लावू नये, ही गोष्ट हमालाच्या कागदावर पहिल्या ओळीत लिहावी. सोयाबीनचं साल नाजूक असतं, त्याला मार बसला की उगवण घटते.

सहावी गोष्ट, वाटेला एक धनी नेमा. प्रत्येक चौकटीला माणूस असतो, पण सगळ्या वाटेला कुणी नसतो. सभासद विचारतो, "माझी पट्टी कुठवर आली?" आणि उत्तर येतं, "माझ्याकडून गेली." या उत्तराने माणूस जितका चिडतो तितका नकाराने चिडत नाही. म्हणून एकाच माणसाने पोत्यापासून पैशापर्यंतची जबाबदारी घ्यावी, आणि त्याला विचारण्याचा अधिकार मंडळाने द्यावा.

सातवी गोष्ट, ठरलेली पद्धत एका कागदावर, मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहून भिंतीवर लावा. दहा पानांची नियमावली कपाटात जाते, एक पान डोळ्यांपुढं राहतं. आधी एकाच गावाच्या मालावर पंधरा दिवस करून पाहा. चुका होतील. त्या दुरुस्त करून मग दुसऱ्या गावाला लावा.

इथं कुणी विचारील, "मग संगणक कधी घ्यायचा?" जरूर घ्यावा, पण शेवटी. अमेरिकेतले मायकेल हॅमर नावाचे अभ्यासक १९९० साली एका गाजलेल्या लेखात हेच सांगून गेले, की जुन्याच वेड्यावाकड्या कामावर यंत्र बसवू नका, आधी नको असलेलं काम काढून टाका. बैलगाडीच्या वाटेवर डांबर ओतलं म्हणून वळणं सरळ होत नाहीत. ज्या कंपनीत पावती दोनदा लिहितात, तिथं संगणक आणला तर ती दोनदा टंकली जाईल, एवढंच!

आठवी आणि सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे माणसांची. नवी पद्धत आली की जुन्या माणसाला वाटतं, आता माझ्या चुका काढणार, माझं काम जाणार. वर्षानुवर्षं ज्याच्या सहीवाचून काही हलत नव्हतं, त्याला मान गेल्यासारखं वाटतं. ही भीती खोटी म्हणून उडवून देऊ नका. १९५० साली डेमिंग नावाचे अमेरिकन तज्ज्ञ जपानमध्ये व्याख्यानं द्यायला गेले. युद्धात खचलेल्या त्या देशाच्या कारखानदारांनी त्यांचं ऐकलं. डेमिंग यांचं आयुष्यभराचं सांगणं हे, की बहुतेक दोष माणसाचे नसतात, पद्धतीचे असतात, आणि पद्धत सुधारण्याची जबाबदारी वरच्यांची असते. तेव्हा दर महिन्याला सभा घ्या, पण 'कुणी चुकवलं' असं न विचारता 'कुठं अडलं' असं विचारा. तीनच आकडे फळ्यावर लिहा. माल आल्यापासून पैसे मिळेपर्यंत किती दिवस लागले, किती पट्ट्या दुरुस्त कराव्या लागल्या, आणि किती सभासदांनी माल दुसरीकडे घातला. तिसरा आकडा लपवावासा वाटेल. तोच आधी लिहा.

आता खरं ते सांगितलं पाहिजे. एवढं केलं म्हणजे सोयाबीनचा भाव वाढेल असं नाही. पाऊस आणि बाजार आपल्या फळ्यावर मावत नाहीत. दुसरं असं, की गिरणीकडूनच कंपनीला पैसे पंधरा दिवसांनी मिळत असतील, तर सह्या लवकर होऊनही खात्यात रक्कम कुठली असणार? तिथं खेळतं भांडवल उभं करावं लागेल, बँकेकडे जावं लागेल. परंतु वाट काढून पाहिल्यामुळे निदान एवढं कळतं, की उशीर कुठं आळसाचा आहे आणि कुठं पैशाच्या तंगीचा. मग सभासदाला 'बघू, होईल' न म्हणता 'अमुक तारखेला' असं सांगता येतं. शेतकरी उशीर एक वेळ सोसतो. बी-खताची उधारी, पोराची फी, बहिणीचं बाळंतपण, सगळं त्याला तारखेवर बसवायचं असतं. तारीखच न सांगणारी कंपनी त्याच्या काय कामाची?

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. हा विषय मोठ्यांपुरता ठेवू नका. शाळेतल्या दुपारच्या भोजनाचंच उदाहरण घ्या. तांदूळ कोठीतून निघतो इथपासून ताट धुऊन ठेवलं जातं इथपर्यंतची वाट मुलांना फळ्यावर काढायला सांगा. कुठं रांग लागते, का लागते, काय केलं तर कमी होईल, हे मुलांनाच विचारा. मुलं उत्तर देतात, आणि बहुधा बरोबर देतात. ही मुलं उद्या कुठल्या ना कुठल्या कंपनीची सभासद, हिशेबनीस, संचालक होतील. तेव्हा पोतं थांबलं की ती कुणावर ओरडण्याआधी वाट तपासतील.

आणि जे आज कंपनीचे सभासद आहेत त्यांनीही नुसतं अध्यक्षांकडे बोट दाखवू नये. माणशी एक मत कायद्याने दिलं आहे, ते वार्षिक सभेत चहापुरतं वापरायचं नाही. या हंगामात माल घालताना एक साधं काम करा. पोतं दारातून निघालं ती तारीख आणि वेळ घरच्या कॅलेंडरवर लिहा. पैसे आले ती तारीखही लिहा. दहा सभासदांनी हे लिहून सभेत मांडलं की पुढची चर्चा आपोआप कामाची होईल.